गोव्यात वीजबिलासाठी सरकारी मदत कशी आणि कुठे मागावी

गोव्यात घर तापवण्यासाठी कोणी पैसा खर्च करत नाही. ऊब लागते ती न्हाणीतल्या पाण्याला, आणि चुलीवरचे तांब्याचे भाण जाऊन तिथे गिझर आल्यापासून तो खर्चही विजेच्या बिलात मिसळला आहे. खरी झळ बसते ती मार्चपासून पावसाची पहिली सर येईपर्यंत, जेव्हा दमट उकाड्यात पंखे रात्रंदिवस फिरत असतात आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर एसीही बंद करता येत नाही. एप्रिल-मेची बिले हाती आली की अनेक घरांत एकच प्रश्न निघतो, की यासाठी सरकारकडून काही मदत मिळते का.

कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेखाली महिन्याला 200 युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांना बिल माफ होते, त्यामुळे कारवारकडच्या पाहुण्यांना आपली बिले ऐकून नवल वाटते. गोव्यात सर्व घरांसाठी तशी सरसकट मोफत युनिटांची योजना नाही. ‘वीजबिल साहाय्य’ नावाचा अर्ज शोधत या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरण्यात म्हणून अर्थ नाही. मदत आहे, पण ती वीज खात्याच्या नियमांत, समाजकल्याणाच्या मासिक अनुदानांत आणि छतावरच्या सौरऊर्जेच्या योजनेत विखुरलेली आहे, व प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या कागदांनिशी मागावी लागते.

सुरुवात बिल नीट वाचण्यापासून करावी, कारण माझ्या पाहण्यात ज्यांना मदत हवी होती त्यांच्यापैकी काहींना खरे तर बिल दुरुस्त करून हवे होते. गोव्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली 100 युनिटे सर्वांत स्वस्त, मग 200, 300 आणि 400 पर्यंतचे टप्पे, आणि त्यावरच्या प्रत्येक युनिटाला सर्वांत चढा दर असतो. माझ्या एका नातेवाईक बाईंच्या घराला दिवसा कुलूप असल्यामुळे दोन महिने मीटरचे वाचन झाले नाही आणि तिसऱ्या महिन्यात 420 युनिटांचे बिल एकदम आले. ते एकाच महिन्याचे समजून आकारल्यामुळे 20 युनिटे थेट सर्वांत वरच्या टप्प्यात गेली होती. तोच वापर तीन महिन्यांत वाटला तर महिन्याला 140 युनिटे होतात, म्हणजे 300 युनिटे पहिल्या टप्प्यात, उरलेली 120 दुसऱ्या टप्प्यात, आणि त्यापुढचा दर लागण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांनी मीटरवरच्या आकड्याचा फोटो आणि मागची बिले जोडून अर्ज दिला, तेव्हा हिशेब नव्याने झाला. यासाठी बिलावर मागचे वाचन, चालू वाचन आणि त्या दोन्हींच्या तारखा आधी पाहाव्यात. बाकीचे आकार नंतर. अगदी कमी मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेली वीजक्षमता) आणि मोजकी युनिटे असलेल्या गरीब कुटुंबांसाठी दरपत्रकात अल्प उत्पन्न गटाचा वेगळा वर्गही आहे. एक-दोन दिवे आणि एक पंखा एवढ्यावर राहणाऱ्या वृद्ध माणसाचे बिल त्या वर्गात येते का, हे वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात अवश्य विचारावे.

बिल बरोबर आहे पण भरण्याची ऐपत नाही, असे असेल तर मुदत उलटण्याआधीच साहाय्यक अभियंत्यांच्या नावे हप्ते बांधून मिळण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी बोलणे समोरचा कर्मचारी बदलला की संपते. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देणे वीज कायदा, 2003 च्या कलम 56 प्रमाणे बंधनकारक आहे. बिलाच्या रकमेबद्दलच वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच अर्जात कलमाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करावा. दोन वर्षांहून जुनी थकबाकी, मधल्या काळात बिलांत सतत दाखवत आणलेली नसेल, तर सहसा वसूल करता येत नाही. तक्रार 1912 या क्रमांकावर नोंदवता येते. तिथे समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाचे लोकपाल, असा पुढचा मार्ग आहे.

मासिक अनुदानांपैकी दोन योजना बिलाच्या दृष्टीने उपयोगी आहेत. वाढत्या महागाईत गृहिणीला हातभार म्हणून गृह आधार योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात; त्यासाठी गोव्यात 15 वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांच्या आत असावे लागते, व अर्ज महिला व बालविकास खात्याकडे जातो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना समाजकल्याण खात्याची असून तिच्यातून ज्येष्ठ नागरिकांना महिन्याला 2,000 रुपये मिळतात. या दोन्हींचा पैसा थेट बँक खात्यात येतो, त्यामुळे वीजबिल त्याच खात्यातून भरण्याची सोय केली तर रक्कम बाजारहाटात विरघळून जात नाही. दयानंद योजनेतले पैसे अचानक थांबले तर घाबरून जाण्याआधी हयातीचा दाखला त्या वर्षी दिला होता का, ते आठवावे.

बिल कायमचे उतरवायचे असेल तर मात्र छताकडे पाहावे लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत छतावरच्या सौर संचाच्या पहिल्या दोन किलोवॉटांसाठी प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्यासाठी 18,000 रुपये, म्हणजे तीन किलोवॉटांना एकूण 78,000 रुपये केंद्राचे अनुदान मिळते. त्याहून मोठा संच बसवला तरी अनुदान तेवढेच राहते. एक किलोवॉट संच स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिटे देतो, तेव्हा तीन किलोवॉटांचा संच एका मध्यम घराचे उन्हाळी बिल बऱ्यापैकी पेलतो. अनुदान संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागल्यावर खात्यात येते, म्हणून आधीचा पैसा स्वतः उभा करावा लागतो. तारणाशिवाय बँक कर्जाची सोय याच योजनेत आहे. राज्य शासनाचीही या अनुदानावर भर घालणारी योजना आहे, तिच्या सध्याच्या अटी गोवा ऊर्जा विकास संस्थेकडून विचारून घ्याव्यात.

आपल्याकडे अडचण पैशापेक्षा नावाची अधिक येते. घर अविभक्त असते, वीजजोडणी कधीच वारलेल्या आजोबांच्या नावावर चालू असते, घरपट्टी तिसऱ्याच काकांच्या नावे निघते आणि एक भाऊ मुंबईला असतो. सौर योजनेचा अर्ज मात्र बिलावरच्या नावानेच करावा लागतो. त्यासाठी आधी जोडणी आपल्या नावे करून घ्यावी, व मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि इतर वारसांची लेखी संमती एकत्र ठेवावी. ही संमती चवथीला सगळे भाऊ घरी येतात तेव्हाच घ्यावी, कारण नंतर ती टपालाने मागवण्यात वर्ष निघून जाते.

छत मंगळुरी कौलांचे असेल तर पॅनेलचा भार वाशांवर न टाकता वेगळा सांगाडा उभारावा लागतो आणि त्याचा खर्च विक्रेत्याच्या दरपत्रकात आधीच लिहून घ्यावा लागतो. माडाची किंवा आंब्याची सावली दुपारी कुठे पडते, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता स्वतः छतावर चढून पाहावे. शक्य तर संच दिवाळीनंतर बसवावा. जूनमध्ये बसवलेल्या संचाची पहिली दोन-तीन बिले पाऊस आणि ढगांमुळे फारशी उतरत नाहीत, आणि घरातली वडीलधारी मंडळी पैसे बुडाले म्हणून रोज ऐकवत राहतात.