टॅब घेऊन बाळ तपासताना या चुका टाळा

आजारी बाळ तपासताना आरोग्यसेविका जे भरते, त्यावरून टॅबमधलं ॲप पुढे काय करायचं ते सांगतं. भरलेलंच चुकलं तर सल्लाही चुकतो. सर्वांत महागात पडणारी चूक श्वास मोजताना होते. बाळ रडतंय, आईला घाई आहे, म्हणून पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं आणि आकडा टॅबमध्ये भरायचा. लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. पंधरा सेकंदांत एक श्वास निसटला की मिनिटाला चारचा फरक पडतो, आणि न्यूमोनियाचा निर्णय तेवढ्यावर फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, २ ते १२ महिन्यांच्या बाळाला ५० आणि त्यापुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास मिनिटाला म्हणजे जलद श्वास. बाळ शांत होऊ द्या, झबलं वर सरकवा, नजर पोटावर ठेवा आणि पूर्ण मिनिट मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा मोजा.

वय ‘साधारण वर्षाचं’ असं भरू नका. मिनिटाला ४४ श्वास अकराव्या महिन्यात चालतात, तेराव्यात नाही. जन्मतारीख कार्डावरून घ्या. आणि हो, बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही टॅबची तारीख मागे जाते. मग ॲप वयच चुकीचं काढतं. सकाळी सुरू करताना तारखेवर नजर टाका.

बोट गार असेल किंवा बाळ हात झटकत असेल, तर ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा) पहिला आकडा घेऊ नका. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या.

प्रश्न न विचारताच ‘नाही’ दाबत पुढे जाणं तर फारच धोक्याचं. ‘दूध पितं का?’ याला आई सवयीने ‘हो’ म्हणते. तुमच्यासमोर पाजायला सांगा. बाळ ओढतच नसेल, सगळं उलटून टाकत असेल, फिट आली असेल किंवा हाक मारूनही गळून पडलेलं असेल, तर पडद्यावर हिरवा रंग, म्हणजे ‘घरीच काळजी घ्या’, आला तरी त्याला रुग्णालयात पाठवा. टॅब तुम्ही भरलेलंच वाचतो, बाळ तुम्हाला दिसतंय.

वहीत टिपून रात्री घरी टॅब भरायची सवय मात्र मोडाच. ‘लगेच पाठवा’ हा सल्ला पडद्यावर येतो, तेव्हा आई बाळाला घेऊन केव्हाच निघून गेलेली असते.