ड्राफ्टमधील निवडी कशा तोलाव्यात: बेळगावच्या एका चाहत्याची वही

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला टिळकवाडीतील आमच्या घरी चारजण चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा गुरुवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, सुरू होतो. भाचा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात गेला तेव्हापासून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स हा आमचा संघ झाला. गेली काही वर्षे आम्ही या निवडींची एक वही ठेवत आलो आहोत. ती कशी ठेवावी आणि आपल्या संघाने केलेली निवड कशी तोलावी, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडील ज्या मंडळींना या खेळाची नव्याने गोडी लागली आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आधी व्यवहार समजून घ्यावा. ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ आधी निवडतो आणि अजिंक्य संघ शेवटी. येथे बोली लागत नाही, म्हणून क्रमांक हीच किंमत असते, आणि हे क्रमांक संघ आपापसांत बदलूनही घेतात. निवडलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो, त्याचे मानधन बहुतांशी क्रमांकावरूनच ठरते आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखण्याचा हक्क संघाकडे असतो. संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा असल्यामुळे उशिराच्या क्रमांकावर घेतलेला, म्हणजेच स्वस्तातला खेळाडू चांगला निघाला, तर उरलेला पैसा इतर जागांवर खर्च करता येतो. म्हणून ‘खेळाडू चांगला आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘या क्रमांकाला तो परवडतो का’ असे विचारावे.

वहीचे पान ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात आखावे. आमच्या पानावर पाच रकाने असतात: संघाची गरज, मोजलेली किंमत, त्या दिवशी उपलब्ध असलेली माहिती, त्याच वेळी हाती असलेले दुसरे पर्याय आणि आपले मत. गरजेचा रकाना आधीच भरावा. कोणाचा करार संपत आहे, कोणाची तिशी उलटली आहे आणि गेल्या हंगामात कोणत्या जागेवरून सामने निसटले, एवढे लिहिले तरी पुरते. निवड जाहीर झाल्यावर गरज शोधायला बसलो, की संघाने जे केले तेच आपल्याला गरजेचे वाटू लागते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

किंमत मोजण्यासाठी एक जुना तक्ता उपयोगी पडतो. डॅलस काउबॉइज संघाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण आहेत, तिसऱ्याला २२००, बाराव्याला १२००, आणि बत्तिसाव्यापर्यंत येताना ते ५९० वर उतरतात. आता याहून सुधारित तक्ते निघाले आहेत, पण घरी बसून अंदाज बांधायला हा पुरेसा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये आमच्या संघाने बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी मायामी संघाला तो बारावा क्रमांक, पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. तक्त्यानुसार फरक १००० गुणांचा होता. पुढच्या वर्षांतील निवडी नेमक्या कोणत्या क्रमांकाच्या ठरतील हे आधी कळत नसले, तरी पहिल्या फेरीतील अगदी शेवटची निवडही ५९० ची असते, म्हणजे तशा दोन निवडीच हजाराच्या वर जातात. तेव्हा खेळाडू कोण हे कळण्यापूर्वीच, ‘मोजलेली किंमत’ या रकान्यात ‘फार’ असे लिहायला हरकत नव्हती. आम्ही तसे लिहिलेही होते.

माहितीच्या रकान्यावर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवावा. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे होणाऱ्या चाचणीत खेळाडूंची उंची, वजन, उडी आणि ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव मोजली जाते. हे आकडे मोहात पाडतात. आमच्याकडील तालमीतले वस्ताद नव्या पोराची मान आणि मनगट पाहतात खरे, पण त्यानंतरचा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आजवर कुणाबरोबर लढलास?’ गावच्या जत्रेत नारळावर दहा कुस्त्या मारलेला पोर आणि आनंदवाडीच्या आखाड्यात नामांकित मल्लाशी अर्धा तास टिकलेला पोर यांच्यात ते दुसऱ्याकडे आधी वळतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, निवडताना हा प्रश्न आणखी कठोरपणे विचारावा, कारण त्याची परीक्षा पायांपेक्षा निर्णयशक्तीची असते.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर संघाने ट्रे लान्स या क्वार्टरबॅकची निवड केली. माहितीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे: ‘नॉर्थ डकोटा स्टेट, खालच्या गटातील महाविद्यालय, २०१९ मध्ये फेकीवर २८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचवून मिळवलेले गुण) आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती नाही, २०२० मध्ये करोनामुळे फक्त एक सामना.’ आणि शेजारी, मताच्या रकान्यात, दुहेरी अधोरेखित ‘उत्तम’. किंमत ‘फार’, सामने थोडे, प्रतिस्पर्धी हलके, आणि तरीही ‘उत्तम’. त्याच्या फेकीची ताकद आणि धावण्याची लय पाहून मी पहाटे भारावलो होतो, एवढाच त्याचा अर्थ. लान्स आमच्या संघाकडून जेमतेम चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, २०२२ च्या दुसऱ्याच आठवड्यात त्याचा घोटा मोडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. दुखापत कोणालाही आधी दिसत नाही, म्हणून तिचा दोष निवडीवर टाकू नये. मात्र इतक्या कमी सामन्यांच्या आधारावर इतकी किंमत मोजली, हा दोष घोटा शाबूत राहिला असता तरी कायम राहिला असता.

पर्यायांच्या रकान्याला एक पथ्य आहे. त्यात त्याच दिवशी, निवडीपूर्वी, चर्चेत असलेली दोन-तीन नावेच लिहावीत. आमच्या त्या पानावर मॅक जोन्स आणि जस्टिन फील्ड्स ही नावे आहेत. आम्ही दिलेला बारावा क्रमांक मायामीकडून फिलाडेल्फियाकडे आणि तेथून डॅलसकडे गेला, आणि डॅलसने त्यावर मायका पार्सन्स हा बचावपटू घेतला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. ‘पार्सन्स आपला असता’ अशी हळहळ आमच्याकडे अजून अधूनमधून निघते, पण ती वहीत लिहू देत नाही, कारण त्या पहाटे आमच्यापैकी कोणीही त्याचे नाव घेतले नव्हते.

पूर्ण ड्राफ्टला एकच श्रेणी देण्याची घाईही टाळावी. लान्सच्याच वर्षी पाचव्या फेरीत १८० व्या क्रमांकावर घेतलेला तलानोआ हुफांगा पुढच्याच हंगामात लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला, आणि त्याच फेरीतील डिओमोडोर लेन्वार बचावफळीत पक्का झाला. याआधी २०१७ मध्ये जॉर्ज किटल हाही पाचव्या फेरीतच, १४६ व्या क्रमांकावर मिळाला होता. म्हणून आम्ही पहिली फेरी, दुसरी-तिसरी फेरी आणि उरलेल्या फेऱ्या असे तीन वेगळे हिशेब मांडतो.

ब्रॉक पर्डीचा हिशेब मात्र यापैकी कशातच नीट बसत नाही. २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले. डिसेंबरमध्ये वरचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी असल्यामुळे त्याला जागा मिळाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला, आणि २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार केला. २०२३ मध्ये त्याचे मूळ मानधन ८ लाख ७० हजार डॉलर होते आणि संघाची वेतनमर्यादा २२ कोटी ४८ लाख, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या जागेवर अर्धा टक्कासुद्धा खर्च झाला नाही. तरीही याचे श्रेय संघाच्या दूरदृष्टीला देण्याबाबत मी हात आखडता घेतो, कारण त्याची खरी योग्यता ओळखली असती तर संघ २६२ व्या क्रमांकापर्यंत थांबलाच नसता. त्याला चार वर्षांचा महाविद्यालयीन अनुभव होता हे पाहून त्याला घेतले आणि शिकवून तयार केले, एवढे श्रेय निश्चित द्यावे.

पान पुन्हा कधी उघडावे? पहिल्या हंगामानंतर केवळ नजर टाकावी, मत बदलू नये. तिसऱ्या हंगामानंतर तीन गोष्टी पाहाव्यात: किती सामन्यांत खेळाडू सुरुवातीपासून उतरला, त्याच्यामुळे कोणती महाग जागा स्वस्तात भरली आणि त्याच संघाने त्याच्याशी दुसरा करार करण्याची इच्छा दाखवली का. यातील तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी, कारण त्या खेळाडूला रोज सरावात पाहणारी माणसे त्या वेळी स्वतःचा पैसा लावत असतात. जुने मत खोडू नये. नवे मत खाली वेगळ्या शाईने, तारखेसह लिहावे.

वेळापत्रकाकडेही लक्ष द्यावे. दुसरी व तिसरी फेरी आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेचारला सुरू होते, आणि उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून रविवारच्या पहाटेपर्यंत चालतात. २०२२ मध्ये सहाव्या फेरीनंतर वही मिटून आम्ही सगळे झोपी गेलो होतो, त्यामुळे पर्डीच्या नावापुढचे पाचही रकाने आजही कोरे आहेत. तेव्हापासून आम्ही रात्रीच्या दोन पाळ्या केल्या आहेत, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने शेवटच्या निवडीचेही पाचही रकाने भरल्याखेरीज दिवा मालवायचा नाही, असे ठरले आहे.