ड्रममध्ये कॉस्मिक रे शॉवर कसा पकडायचा
अवकाशातून आलेला वेगवान कण हवेवर आदळला की खाली कणांचा सडा पडतो, तोच कॉस्मिक रे शॉवर. साउथ पोलवर तो पकडणारा आईसटॉप प्रयोग आहे ना, त्यात 162 टाक्या आहेत, आत स्वच्छ बर्फ आणि प्रत्येकीत 2 लाइट सेन्सर. शॉवरमधले कण बर्फातून गेले की निळसर चेरेंकोव्ह प्रकाश पडतो, तोच पकडायचा. तिथं हिवाळाभर रात्र, म्हणून शॉवरचा थेट आभाळातला फ्लॅश बघायला आईसॲक्ट दुर्बिणीपण बसवल्यात. आपल्या बेळगाव-खानापूरकडं पावसाळ्यात आभाळच दिसत नाही, तेव्हा तो नाद सोडा आणि टाकीचाच मार्ग धरा, बर्फाऐवजी पाणी चालतं.

200 लिटरचे दोन ड्रम घ्या. बोअरचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड नाहीतर चांगलं आरओचं. आतून पांढरी टायवेक शीट लावा, प्रकाश उसळून सेन्सरपर्यंत जातो. झाकणातून फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे अगदी मंद प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारा सेन्सर, खाली तोंड करून बसवायची.

खरी डोकेदुखी म्हणजे लाइट लीक. रबर गॅस्केट, काळी टेप, वरून जाड घोंगडं, एवढं करून रात्री खोली अंधारी करा आणि टॉर्च झाकणाच्या कडेकडेनं फिरवा, जिथं काउंट, म्हणजे ट्यूबच्या सिग्नलची मोजणी, एकदम उसळतो तिथं फट आहे, परत टेप. ट्यूबला 1000 व्होल्टच्या आसपास लागतात, सप्लाय चालू असताना झाकण उघडलं तर ट्यूब गेलीच म्हणून समजा, आणि ओल्या हातानं तर जवळपण जाऊ नका. पोरं असतील तर मोठं माणूस पाहिजेच.

एका ड्रमचा काउंट शॉवर नव्हे बरं का! नुसते सुटे म्यूऑनच (कॉस्मिक रेमुळं हवेत तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणारे कण) सेकंदाला साधारण 40 येतात. म्हणून दोन्ही ड्रम 10 मीटर लांब ठेवा, आईसटॉपच्या जोडीतल्या दोन टाक्यापण तेवढ्याच अंतरावर आहेत, आणि दोन्हीकडं 100 नॅनोसेकंदांच्या आत सिग्नल आला तरच मोजा. हिशोब केला तर निव्वळ योगायोगानं जुळणारे तासाला एखादाच निघतो, त्याहून जास्त आले तर शॉवर. मात्र केबल दोन्हीकडं सारख्या लांबीच्या हव्यात, 5 मीटर जास्त झाली की 25 नॅनोसेकंद उशीर.

करंटचा भरवसा नाही, यूपीएस लावा. हवेचा दाब वाढला की काउंट थोडे उतरतात, बिघाड समजून ड्रम उघडत बसू नका, मोबाइलच्या बॅरोमीटरचं रीडिंग सोबत टिपत जा.