हवामान कृती आराखडा अडतो कुठे? ठाणे-नवी मुंबईत तरी या चुका टाळा

महापालिकेच्या अंदाजपत्रकी भाषणात 'हवामान बदल' आता हमखास येतो. भाषण संपलं की आकड्यांची जाड पुस्तिका उघडावी आणि त्यात तीनच गोष्टी शोधाव्यात: लेखाशीर्ष (खर्च ज्या नावाखाली मांडतात ती नोंद) कोणतं, तरतूद किती, खर्च करणारा विभाग कोणता. हवामान कृती आराखडे, म्हणजे शहराने उत्सर्जन घटवण्याचे आणि पूर-उष्णतेला तोंड देण्याचे बेत, बरेचसे इथेच गळपटतात. त्यांतलं शास्त्र ठीकठाक असतं, पण पैशाची वाट कुणी आखलेली नसते. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासक कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले आहेत. प्रभागातून मागणी करणाऱ्या सोसायट्यांना आणि ती पुढे रेटणाऱ्या नगरसेवकांना या चुका आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या.

हिशेब भलत्याच हद्दीत मांडणं

शहराचं कार्बन उत्सर्जन मोजायचं तर सर्वांत मोठा आकडा विजेचा. तो मागायला गेलं की कळतं, वीज कंपनीच्या हद्दी आणि महापालिकेच्या हद्दी जुळत नाहीत. महावितरणचं भांडुप परिमंडळ ठाण्याबरोबर मुलुंड-भांडुपही सांभाळतं, म्हणजे मुंबई महापालिकेचा भाग. उलट कळवा, मुंब्रा, शीळ, दिवा ठाणे महापालिकेत असूनही तिथलं वीज वितरण २०२० पासून टोरंट पॉवरकडे आहे. एकाच कार्यालयाकडून आलेला आकडा 'ठाण्याचा' म्हणून छापला तर एकीकडे मुलुंड आत येतं आणि दुसरीकडे मुंब्रा बाहेर राहतं. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी वेगळी दाखवली नाही, तर कारखान्यांची वीज घराघरांत वाटली जाते आणि दरडोई आकडा उगाच फुगतो.

यावर उपाय म्हणजे दोन हिशेब वेगळे ठेवणं: एक शहराचा, दुसरा खुद्द महापालिकेचा. दुसऱ्यासाठी कुणाच्या दारात जायला नको. पथदिवे, पाण्याचे पंप, मलप्रक्रिया केंद्रं, कार्यालयं, रुग्णालयं यांची वीजबिलं लेखा विभागात पडून असतात. एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा आणि कामाला लागावं. शहराचा आकडा पूर्ण बिनचूक होईपर्यंत थांबणं ही वेळ काढण्याची सभ्य पद्धत आहे, दुसरं काही नाही.

धूळ बसवली म्हणजे हवामान सांभाळलं असं धरणं

केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातून आणि १५ व्या वित्त आयोगातून शहरांना पैसा आला. तो कुठे गेला, हे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये तपासलं, तर देशभरात ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीच्या कामांवर गेलेली निघाली: रस्ते पक्के करणं, यांत्रिक झाडू, पाण्याचे फवारे. धूळ कमी व्हायलाच हवी, प्रश्न तो नाही. पण डिझेलचा टँकर फिरवून पाणी उडवल्याने हरितगृह वायू घटत नाहीत, आणि तोच खर्च 'हवामान कृती' म्हणून दुसऱ्यांदा दाखवला की फसगत होते.

हवामान अंदाजपत्रकाची पद्धत यासाठीच आहे. ओस्लो शहराने ती आधी रुजवली. आपल्याकडे मुंबई महापालिकेने जून २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल मांडला. त्यात प्रत्येक कामासमोर ते हवामानाशी कसं जोडलेलं आहे हे लिहावं लागतं. धोका एवढाच की आधीच ठरलेल्या काँक्रीटच्या रस्त्यालाही हिरवी चिठ्ठी चिकटवता येते. म्हणून नगरसेवकाने चिठ्ठीखालचा रकाना वाचावा: किती युनिट वाचणार, किती टन घटणार, किंवा कोणत्या वस्तीतलं पाणी किती लवकर ओसरणार. रकाना रिकामा असेल तर चिठ्ठी काढून टाका म्हणावं.

रोपांना पैसे, पाण्याला नाही

रोपं, खड्डे, जाळ्या एका वर्षाच्या तरतुदीत बसतात. पुढच्या तीन उन्हाळ्यांचं पाणी बसत नाही. मालमत्ता करात वृक्षकर आपण भरतोच. त्यातून जमलेल्या पैशांपैकी किती लागवडीवर आणि किती जगवण्यावर गेले, हे वृक्ष प्राधिकरणाला विचारा. निविदेतही ठेकेदाराचं शेवटचं देयक तिसऱ्या वर्षी जिवंत राहिलेल्या झाडांवर बांधावं.

जागा कुणाची हे न पाहता तरतूद करणं

ही चूक नवी मुंबईला सर्वांत महाग पडते. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा आहे. पावसाचं पाणी आधी धारण तलावात साठायचं आणि ओहोटी लागली की झडपांमधून खाडीत जायचं, अशी सिडकोने केलेली रचना. भरतीच्या वेळी झडपा बंद राहिल्या पाहिजेत आणि तलावात पोट असलं पाहिजे; दोन्ही साधलं तर उधाणाच्या दिवशी मुसळधार पाऊस आला तरी सेक्टर कोरडे राहतात. आता गाळ साचून पोट कमी झालंय, आणि त्या गाळावर खारफुटी उगवली आहे.

इथेच तरतूद अडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खारफुटीला कडक संरक्षण दिलं. ते हवंच, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला आहे. पण त्यामुळे तलावातला गाळ काढायलाही न्यायालयाची आणि संबंधित यंत्रणांची परवानगी लागते. परवानगी हातात नसताना 'गाळ काढणे' म्हणून मोठी रक्कम ठेवली की ती मार्चअखेर व्यपगत होते, म्हणजे न वापरताच रद्द होते, पुढच्या वर्षी पुन्हा तीच ओळ छापली जाते, आणि पावसाळ्यात सगळा दोष खारफुटीवर येतो. शहराला वादळी लाटांपासून वाचवणाऱ्या झाडांनाच पुराचं कारण ठरवणं, हे मला नेहमीच खटकत आलं आहे.

अशा कामाचे तुकडे पाडावेत. पहिल्या वर्षी फक्त सर्वेक्षणाची तरतूद: कोणत्या तलावात किती गाळ, खारफुटी नेमकी कुठवर, कोणता भाग मोकळा. त्याच वर्षी झडपांची तपासणी, कारण गंजलेली झडप भरतीचं पाणी उलटं आत घेते आणि मग गाळ काढूनही उपयोग होत नाही. परवानगीचा अर्ज या नकाशासकट करावा. गाळाची रक्कम परवानगी आल्यावर सुधारित अंदाजात धरता येते. तोवर पंप.

ठाण्यात नाल्यांची गोष्ट वेगळी नाही. येऊरच्या डोंगरातून उतरणारं पाणी वनखात्याच्या, महामार्गाच्या, रेल्वेच्या जागेतून खाडीला जातं. महापालिकेने आपल्या तुकड्याची नालेसफाई चोख केली आणि पुढची मोरी तुंबलेली राहिली, तर पाणी रस्त्यावरच. संयुक्त पाहणीचं इतिवृत्त लेखी असल्याशिवाय असल्या कामाला पैसे देऊ नयेत.

अनुदानाची वाट पाहणं

केंद्र-राज्याचा निधी येतो तेव्हा त्याच्या अटी घेऊन येतो, आणि संपतो तेव्हा विचारून संपत नाही. स्वतःच्या पायावर उभा राहणारा प्रकल्प आधी शोधावा. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी बाजारातून घेतलेलं कर्ज) काढले ते ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी, कारण नर्मदेचं पाणी शहरापर्यंत चढवायचं वीजबिल डोईजड झालं होतं. वाचलेल्या बिलातून कर्ज फेडायचं, असं ते गणित. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे रोखे सांडपाण्यावर पुढची प्रक्रिया करून ते कारखान्यांना विकण्यासाठी काढले. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांतून एमआयडीसीला असं पाणी देण्याची व्यवस्था आहेच. कारखान्याने हे पाणी घेतलं की तेवढं चांगलं पाणी पिण्यासाठी उरतं. रोख्यांची उडी मारण्याआधी पतमानांकन आणि वेळेवर झालेलं लेखापरीक्षण मात्र हवं. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे घटवलेलं उत्सर्जन विकून मिळणाऱ्या पैशाच्या भरवशावर तर कुठलीच तरतूद करू नये.

छोट्या कामांत अडचण निराळी असते. छतावर पॅनल बसले, पण बिल उतरलं नाही अशी तक्रार आली, तर आधी नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणारा मीटर) खरंच सुरू झालाय का ते पाहा, मग इन्व्हर्टर, मग पॅनलवरची धूळ. १०० किलोवॅटच्या संचाने आपल्याकडे वर्षाला साधारण १.३ लाख युनिट द्यायला हवेत. निम्मेच येत असतील तर देखभालीचा करार कुणाशी आहे ते विचारा. करारच नसेल, तर उत्तर मिळालं. आणि वाचलेली रक्कम सामान्य निधीत विरून जाऊ देऊ नका. तिचा ठरावीक हिस्सा विद्युत विभागालाच पुढच्या कामासाठी मिळाला, तर तिथले अभियंते स्वतःहून छपरं शोधतील.

नागपूरचा उन्हाळा इथे लावणं

मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून होतो, किनाऱ्यावर ३७ पासून. आपल्याकडे घाम वाळत नाही, खरी अडचण ती. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर १४ जण उष्माघाताने गेले, तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. 'चाळिशी गाठली की इशारा' असा नियम आराखड्यात असेल तर तो आधी बदलून घ्या. पैसे दिघा, तुर्भे, कळव्यातल्या पत्र्याच्या छपरांवर पांढरा रंग देण्याला, नाक्यावरच्या मजुरांच्या सावलीला आणि आरोग्य केंद्रातल्या बर्फाला ठेवावेत. जाहिरात फलकांचा खर्च या लेखाशीर्षात टाकू देऊ नका.

फेब्रुवारीत निवेदन देणं

तोवर आकडे जुळवून झालेले असतात. विभाग आपल्या मागण्या लेखा विभागाकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाठवतात. निवेदन तेव्हाच, त्या विभागप्रमुखाच्या नावे, जुन्या लेखाशीर्षाचा क्रमांक घालून द्यावं. पावसाळ्याआधीच्या कामांचं कॅलेंडर तर मागून मोजायचं: ३१ मेपर्यंत काम संपायचं तर कार्यादेश मार्चमध्ये, निविदा जानेवारीत, आणि प्रशासकीय मान्यता दिवाळीनंतर लगेच.