प्रवासातला पाहुणा एका दिवसासाठी जिमला येतो तेव्हा

जिम चालवणाऱ्यांनो, जो माणूस प्रवासात असूनही वर्कआउट चुकवत नाही त्याची कदर करा राव. त्याच्याकडे जेमतेम तास-दीड तास असतो आणि तुमच्या जिमची त्याला काहीच माहिती नसते, म्हणून त्याचं स्वागत तो दारात यायच्या आधीच सुरू व्हायला हवं. वेबसाइटवर, गुगल मॅपवर सरळ लिहून टाका, एका दिवसाची फी किती, बाहेरच्यांना कोणत्या वेळी येता येतं, पैसे कॅश की कार्ड, शॉवर आहे का, टॉवेल मिळतो का, लॉकरचं कुलूप स्वतःचं आणायचं का. नुसतं "चौकशीसाठी फोन करा" नको, परदेशातून आलेल्याकडे बऱ्याचदा इथला नंबरच नसतो, तो हॉटेलच्या वायफायवर असतो. जिना मागच्या बाजूला असेल तर त्याचा फोटो टाका.

फॉर्म भरून घ्यायचा असेल तर लिंक आधीच पाठवा. त्यात जुनी दुखापत आणि इमर्जन्सी नंबर नक्की विचारा, कारण एकट्याने फिरणाऱ्याला काही झालं तर कळवायचं कोणाला हे तुम्हाला माहीत असायला हवं.

तो आला की नाव विचारा आणि दोन मिनिटं स्वतः सोबत फिरून सगळं दाखवा. पाणी आणि चेंजिंग रूम तर दाखवालच, पण नियमही तेव्हाच सांगा, वजन खाली टाकलेलं चालतं का, हाताला लावायची चॉक पावडर चालते का, बाहेरचे बूट चालतात का. हे प्रत्येक जिममध्ये वेगळं असतं, आणि सेट चालू असताना चारचौघांत कुणी टोकलं की पाहुण्याचा मूडच जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो किलो-पाउंडचा. पाउंडवाल्याच्या डोक्यात "135" म्हणजे 45 पाउंडचा बार (वजनं लावायचा दांडा) आणि दोन्ही बाजूंना 45 चीच एकेक मोठी प्लेट, ते होतात साधारण 61 किलो, पण तुमच्याकडे तोच बार 20 किलोचा आणि मोठी प्लेट 25 ची असेल तर तशीच जोडणी थेट 70 किलो होते, म्हणजे वॉर्मअपलाच 9 किलो जास्त! त्यात 15 किलोचा बार शेजारीच ठेवलेला असतो, तो लांबून तसाच दिसतो. रॅकजवळ किलो-पाउंडचा तक्ता चिकटवा आणि बारच्या टोकाला वजन लिहा, खर्च जवळपास काहीच नाही.

ग्रुप क्लास असेल तर कोचने पाहुण्याची ओळख करून द्यावी आणि एखाद्या बोलक्या जुन्या मेंबरसोबत जोडी लावावी. फळ्यावर व्यायामांचे तुमच्या जिमचे शॉर्टफॉर्म असतील तर फोडून सांगा. रात्रभर प्रवास करून आलाय का तेही विचारा, तसं असेल तर वजन कमी ठेवायला तुम्हीच सांगा, नवीन लोकांसमोर तो स्वतःहून कमी करणार नाही.

आणि प्लीज, निघताना वर्षाची मेंबरशिप गळ्यात मारू नका, तो परवा दुसऱ्या शहरात असणार आहे. अजून दोन-तीन दिवस थांबणार असेल तर तेवढ्या दिवसांचा पास स्वस्तात द्या, आणि त्याचा नंबर ऑफरच्या मेसेजच्या लिस्टमध्ये टाकू नका.