चोरिसासोबत काय वाढावं? ताट ठरवण्याची रीत

गोव्याहून परतणाऱ्या गाडीत काजू असतात, बेबिंका (थरांचा गोड पदार्थ) असतो, आणि जाणकाराच्या पिशवीत कागदात गुंडाळलेली चोरिसाची माळ असते. मुंबईत तिला ‘गोवन सॉसेज’ म्हणतात. ती क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि वांद्र्यालाही मिळते. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी कांदा घालून परततात, पावात भरून खातात, आणि उरलेली माळ फ्रीजमध्ये पडून राहते. पावाखेरीज याच्यासोबत काय शोभेल, हे ठरवता येत नाही. ते कसं ठरवायचं, ते इथे सांगते.

त्याआधी चोरीस म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सोबतीचं सगळं गणित त्यावर आहे. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे मिठात मुरवतात. मग सुकी लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, हळद हे सगळं माडीच्या व्हिनेगरात वाटून त्या मसाल्यात ते पुन्हा मुरू देतात. नंतर सुकवलेल्या आतड्याच्या आवरणात भरून दोऱ्याने बांधतात आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर वाळवतात. मीठ, आंबट आणि वाळवण, तिन्ही टिकवण्यासाठीच. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा घरात काहीतरी असावं म्हणून गोव्यात एप्रिल-मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलं (कोकमं), कांद्याच्या माळा यांच्यासोबत चोरिसाच्या माळाही घेतल्या जातात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची (सणाची) फेरी, म्हणजे जत्रा, याच खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर वर्षभर या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात.

म्हणजे चोरिसात मीठ, आंबट, तिखट आणि चरबी या चारही गोष्टी आधीच भरपूर आहेत. सोबतीला जे ठेवायचं त्याने यातलं काहीतरी शोषून घ्यावं, भर घालू नये. ही एक कसोटी लावली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. लोणचं, पापड, चीज, केचप, लिंबू पिळलेली कोशिंबीर यांपैकी काहीही या ताटात नको. विंदालू किंवा सोरपोतेल हे गोव्याचे मांसाचे पदार्थही त्याच जेवणात नकोत. ते दोन्ही उत्तम पदार्थ आहेत, पण त्यांतही व्हिनेगर आहे, आणि मग तिसऱ्या घासाला जीभ काही सांगेनाशी होते.

पहिलं काम: शिजवा आणि चाखा

प्रत्येक घरचा, प्रत्येक विक्रेत्याचा चोरीस वेगळा असतो. बारीक मण्यांची माळ सहसा जास्त कोरडी आणि खारट लागते, तर मोठ्या नगांत ओल आणि चरबी जास्त राहते. म्हणून बेत ठरवण्याआधी दोन मणी शिजवून चाखा. कच्चा अजिबात चाखू नका. मुरवलेलं आणि वाळवलेलं असलं तरी हे कच्चंच मांस आहे. ते आतपर्यंत शिजायलाच हवं. थर्मामीटर असेल तर 71 अंश सेल्सिअस हा आकडा लक्षात ठेवा.

शिजवायची पद्धत अशी: चार माणसांना 200 ते 250 ग्रॅम पुरतो. आवरण सोलून काढा, मांस मोकळं करा, जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी पाण्यासोबत ठेवा आणि झाकण घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. तेल घालायचं नाही, मीठ घालायचं नाही. पाणी आटत आलं की चरबी सुटते आणि कढईत लाल तवंग जमतो. तीन-चार कांदे उभे चिरून त्याच चरबीत घाला आणि ते अगदी मऊ, गोडसर होईपर्यंत परता. इथे घाई करू नका. कांद्याची गोडी ही आंबट-खारटाला मिळणारी पहिली सोबत आहे. अर्धवट परतलेला कांदा ती देत नाही.

चाखल्यावर स्वतःला विचारा: यात पुढे काय आलं? मीठ पुढे असेल तर भात किंवा बटाटा हवा. आंबट पुढे असेल तर नारळ किंवा कडधान्य. चरबी जास्त सुटली असेल तर पाव, भाकरी आणि काहीतरी कच्चं, करकरीत. तिखट पुढे असेल तर अंडं किंवा पेज.

शोषणारं काय निवडावं

ताटाचा पाया इथे ठरतो, म्हणून यावर सर्वात जास्त विचार करा.

पाव घ्यायचा तर गोव्यात माझी पहिली पसंती पोईला. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची, वरून कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ. ती पोकळी जणू चोरिसासाठीच केलेली असते: सारण आत बसतं, चरबी भिंतीत मुरते आणि हात माखत नाहीत. पूर्वी पोईचं पीठ माडीने फुगवायचे. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात, पण सकाळी सायकलवरून येणाऱ्या पदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली गरम पोई अजूनही वेगळीच लागते. कडक कवचाचा उंडो पाव रसदार चोरिसाला चांगला. पुण्या-मुंबईत पोई मिळाली नाही तर साधा लादीपाव घ्या, पण त्याला लोणी लावू नका. तव्यावर नुसता कोरडा शेका, चोरिसाची चरबी पुरेशी आहे. गोडसर बनपाव मात्र टाळा.

पेजेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गोव्याबाहेर हा बेत फारसा कोणी करत नाही आणि मला तो सगळ्यांत आवडतो. एक वाटी उकडे तांदूळ धुऊन सात-आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवा. दाणा फुलून फुटायला लागला आणि पाणी दाटसर झालं की पेज झाली. मीठ नाममात्र घाला, किंवा घालूच नका. बाजूला चोरिसाचे चार-पाच मणी कोरडे परतून ठेवा. एका घोटासोबत एक छोटा तुकडा, एवढंच. गोव्यात अकराच्या सुमारास पेज घ्यायची जुनी सवय आहे, आणि पावसात सुक्या मासळीऐवजी कधी चोरीस बाजूला येतो. इतकं थोडं मांस इतकं पुरतं, ते पेजेमुळे. खाऱ्याला पाणी, तिखटाला स्टार्च, दोन्ही एकाच वाडग्यात मिळतात.

तांदळाची भाकरी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ज्वारीची भाकरीही जमते. तिचा किंचित गोडवा चोरिसाच्या आंबटाला धरून राहतो. त्या वेळी चोरीस थोडा रसाळ ठेवा, म्हणजे भाकरी कुस्करून खाता येते. सान्नांचंही (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) तसंच: रस असेल तर सान्ना, कोरडा असेल तर पाव.

बटाटा घालायचा तर एक गोष्ट पाळा. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, कारण आम्लामुळे भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही. कच्च्या फोडी थेट चोरिसात टाकल्या तर मांस आटून जातं आणि फोड आतून कच्चीच राहते. म्हणून बटाटे आधी बिनमिठाचे, जेमतेम उकडा आणि शेवटची दहा मिनिटं चोरिसासोबत ठेवा. मीठ, मसाला, रंग सगळं ते ओढून घेतात.

पुलाव करायचा असेल तर

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला हा भात होतो. दोन वाट्या बासमती अर्धा तास भिजवा. दीडशे ग्रॅम चोरीस वर सांगितल्याप्रमाणे शिजवून बाजूला काढा आणि त्याच चरबीत दालचिनी, लवंग आणि कांदा परता. तांदूळ घालून दोन मिनिटं हलक्या हाताने परता, मग तीन वाट्या गरम पाणी ओता. मीठ घालण्याआधी ते पाणी चाखून बघा, बहुतेक वेळा अर्धा चमचाही लागत नाही. स्टॉकचे तयार चौकोनी तुकडे वापरणार असाल तर मीठ विसराच. निम्मं पाणी आटलं की चोरीस वर पसरून झाकण लावा. वाढताना उकडलेल्या अंड्याच्या चकत्या वर हव्यातच. ऑलिव्ह घालायची पद्धतही आहे. ते खारवलेले असतात, तेव्हा धुऊन घ्या.

या भातासोबत रस्सा करू नका. पाहुणे आले म्हणून चिकन शागुती (मसालेदार नारळाचा रस्सा) आणि चोरिसाचा पुलाव एकत्र ठेवण्याचा मोह होतो, पण दोघांचेही मसाले बोलके आहेत आणि एक दुसऱ्याला ऐकू देत नाही. साधी कोशिंबीर पुरे.

कडधान्य आणि भाज्या

आंबट जास्त असलेल्या चोरिसासाठी फेजोआदा हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा बेत. पोर्तुगीजांनी ही पद्धत आणली आणि गोव्याने तिच्यात आपला चोरीस आणि नारळ घातला. राजमा किंवा अळसांदे, म्हणजे गोव्यातली टपोरी चवळी, रात्रभर भिजवा आणि आधी पूर्ण मऊ शिजवा. बटाट्याचाच नियम इथे अधिक कडक आहे: व्हिनेगरात गेल्यावर दाणा पुढे शिजत नाही. मग कांदा, थोडा टोमॅटो, चोरीस आणि शिजलेले दाणे एकत्र करून पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा. थोडे दाणे पळीने चेचले की रस दाट होतो. शेवटी अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घालून आच बंद करा. पावासोबत किंवा उकड्या भातासोबत वाढा. दुसऱ्या दिवशी याची चव आणखी मुरते, म्हणून आदल्या रात्री करून ठेवायला हरकत नाही.

भाज्यांमध्ये उलटा विचार करा: भाजी मुख्य, चोरीस फोडणीपुरता. अर्धा किलो कोबीला चार-पाच मणी पुरेत. त्यांची चरबी सुटली की त्यातच चिरलेला कोबी घाला, झाकण ठेवून वाफ आणा, वरून ओलं खोबरं पेरा. फरसबी, हिरवे वाटाणे, कच्ची पपई, लाल भोपळा या सगळ्यांचं असंच करता येतं. भोपळा तर विशेष चांगला लागतो, कारण त्याची गोडी तिखट-खारटाला समोरून भेटते. वांगं आणि भेंडी घेऊ नका. वांगं चरबी इतकी पितं की तेलकट लागतं, आणि भेंडीचं सोबतीला काहीच काम नाही.

कच्चं आणि गार

काकडीच्या जाड चकत्या, बारीक चिरलेला कच्चा कोबी, कोवळा मुळा, लेट्यूसची पानं. मीठ नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही. फार तर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सोलकढी हवी असेल तर सोलं कमी, नारळाचं दूध जास्त, हिरवी मिरची वगळून करा. आंबट सोलकढी इथे चुकते. पिण्यासाठी शहाळ्याचं पाणी किंवा साधं गार पाणी उत्तम. मार्च ते मे या काळात गोव्यात असाल तर उर्राक ही काजूच्या बोंडांची दारूही लोक याच्यासोबत घेतात.

न्याहारीला

अंडं आणि चोरीस यांची जोडी सोपी आहे. शिजलेला, कांद्यात परतलेला चोरीस तव्यावर पसरा, त्यावर तीन अंडी फेटून ओता, मीठ घालू नका. मऊ असतानाच उतरवा आणि पोईत भरा. रात्रीचा उरलेला दोन चमचे चोरीसही यात सत्कारणी लागतो.

परदेशात असाल तर

लिस्बन, लंडन किंवा न्यू जर्सीत तुमच्या हाती पोर्तुगीज शोरिसू किंवा स्पॅनिश चोरिथो लागेल. तो लसूण आणि पाप्रिकाचा, बहुतेकदा धुरावर वाळवलेला. त्यात आपल्यासारखं व्हिनेगर नाही आणि तिखटही बेताचं. म्हणून वरची कसोटी थोडी बदलते. लिंबू पिळलेली कोशिंबीर, टोमॅटो, लोणच्याची एखादी फोड इथे चालते, कारण आंबटाची जागा रिकामी असते. पोर्तुगालचं काल्दू व्हेर्द हे सूप याच्यासाठी नमुनेदार आहे: उकडून घोटलेला बटाटा, केलची (कोबीच्या जातीची पालेभाजी) बारीक चिरलेली पानं आणि वर शोरिसूच्या दोन-तीन चकत्या. केल नसेल तर पालक घ्या. गोव्यातही हे सूप पालक घालून करतात. आपल्याकडची चव हवी असेल तर शिजवताना चमचाभर व्हिनेगर आणि काश्मिरी मिरचीची पेस्ट घाला, मग मात्र लिंबू टाळा. चोरिसाऐवजी बेकन किंवा हॅम वापरलं आणि ते फार खारट असेल तर तासभर गार पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्या, म्हणजे निदान मीठ आवाक्यात येतं.

रक्तदाब असलेल्या माणसासाठी मांसाचं प्रमाण निम्मं करा आणि कोबी किंवा राजमा दुप्पट घ्या. चव फार कमी होत नाही, पण मिठाची मात्रा खरोखर उतरते. पूर्वी माळ चुलीवरच्या धुरात टांगून ठेवत. आता फ्लॅटमध्ये ते जमत नाही, तेव्हा माळ डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याहून जास्त ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये. चार माणसांपुरत्या पुड्या आधीच बांधून ठेवल्या तर एका वेळी सगळं बाहेर काढावं लागत नाही. कढईत उरलेली लाल चरबी गाळून वेगळ्या वाटीत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत भाताच्या फोडणीला किंवा उकडलेले बटाटे परतायला वापरून टाका.