एकच रेडिएटर थंड, बाकी सगळे गरम: अडकलेली पिन

लंडनमधलं घर, गॅस बॉयलर. एका खोलीतला रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी फिरून खोली तापवणारं पॅनेल) पूर्ण गार. खालचा पाइप व्हॉल्व्हपर्यंत चटका बसेल इतका गरम, त्यापुढे काही नाही.

आधी रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढून पाहिली. लगेच पाणीच आलं, म्हणजे हवा नव्हतीच. दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (टोपीखालचा, पाण्याचा प्रवाह ठरवून ठेवणारा) उघडाच होता. दोन संध्याकाळी फुकट.

दोष थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे रेडिएटरचं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या पिनमध्ये होता. पिन आत दाबली की पाणी बंद. व्हॉल्व्ह उन्हाळाभर बंद राहिला की ती आत दाबलेल्या अवस्थेतच अडकते.

हीटिंग बंद करून पाइप निवू द्या. व्हॉल्व्हचं डोकं (वरची आकडे असलेली मूठ) ५ वर, म्हणजे पूर्ण उघडं फिरवा, खालची आटे असलेली रिंग हाताने सोडवा, डोकं उचला. पाणी येत नाही. मधोमध पितळी पिन दिसेल. तिच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० (अडकलेले भाग सुटे करणारं तेल) चा एक थेंब, मग व्हॉल्व्हच्या अंगावर पान्याच्या दांड्याने बाजूने हलक्या टिचक्या. पिन वर आली की पान्याच्या सपाट बाजूने दाबा, सोडा, दहा-पंधरा वेळा. दरवेळी स्वतःहून दोन-तीन मिलिमीटर उसळायला हवी. पकडीने ओढू नका, उपसून आली तर खोलीभर काळं पाणी!

डोकं ५ वरच ठेवून बसवा. हवा काढली असल्यास दाब उतरतो, म्हणून बॉयलरवरचा पाण्याचा दाब बघा: थंड असताना १ ते १.५ बार हवा. उन्हाळ्यात डोकं ५ वरच राहू द्या.